गेनभाऊची कोशा रंगाची पिकप

टायर विकत घेण्याआधी तो रस्त्यावर सोडायचा आणि त्याच्या मागनं धोतर सावरत पळत जाऊन त्याची चाल बघायची, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा गेनभाऊ मांडेकर. आता तुम्ही म्हणाल, टायरला कसली आलीय चाल? मीही तेच म्हणालो होतो. त्यावर गेनभाऊनं माझ्याकडं असं काही बघितलं, जणू मी मॅट्रिकला नापास झाल्याची बातमी नुकतीच पेपरात आली असावी.

"दत्तू," तो म्हणाला, "तुला सायकलीतलं कळतं. वझं वाहणाऱ्या जित्राबातलं न्हाई."

ऐका! माझा सगळा जन्म चाकांत गेलेला. चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला माझं सायकलचं दुकान. पिंपरीला औषधाचा कारखाना झाला आणि कामगारांनी माझ्याकडं भाड्याच्या सायकलींसाठी रांगा लावल्या, तेव्हापासून तर मला जेवायलाही फुरसत नसायची. आणि हा कालपर्यंत बैलं विकणारा माणूस मला चाक शिकवणार! माझं डोकं तसं लवकर तापतं, चिंचवडात कुणालाही विचारा. पण गेनभाऊपुढं तापून काही उपयोग नसायचा. तो तुमचा सगळा आरडाओरडा शांतपणे ऐकून घ्यायचा, तंबाखूचा बार बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, "झालं? आता चाल दाखवा."

"चाल दाखवा" हे त्याचं पेटंट वाक्य. गेनभाऊ मूळचा चाकणकडचा हेडी. हेडी म्हणजे गुरांच्या बाजारातला दलाल. चाकणच्या बैलबाजारात उभं आयुष्य काढलेला. बैल कितीही देखणा असो, शिंगं कितीही डौलदार असोत, तो चार पावलं चालवून दाखवल्याशिवाय गेनभाऊ त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. पुढं बाजार बसत चालला, कांदा-बटाटा बैलगाडीऐवजी ट्रकनं पुण्याला जायला लागला. तेव्हा इतर हेडी नशिबाला शिव्या देत बसले आणि हा गडी सरळ देहूरोडच्या लष्करी लिलावात जाऊन एक पिकप घेऊन आला. गाडी युद्धातली. अंगावर हिरवा रंग निम्माच शिल्लक, एक दार दोरीनं बांधलेलं, आणि सायलेन्सर असा बोलायचा की म्हशी दावं तोडायच्या.

लिलावातही त्यानं गाडीचं बॉनेट उघडून आत तोंड घातलं आणि विचारलं म्हणे, "किती दाती हाय?" बैलाचं वय दातांवरून ठरतं, म्हणून. तिथल्या हवालदाराला वाटलं माणसाला ऊन लागलंय. त्यानं बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं. गेनभाऊनं ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.

या गाडीवर गेनभाऊचं उत्तम चाललं होतं. चाकणचा कांदा पुण्याच्या मंडईत, येताना सिमेंटची पोती, अधूनमधून विटा. माणूस एकटा, चिंचवडला माझ्या शेजारच्या घरात राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी अनसूया, म्हणजे अनशी, तळेगाव दाभाड्याला दिलेली. सासरचं भुसाराचं दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. गेनभाऊ स्वतः भाकरी थापायचा, स्वतः खायचा आणि संध्याकाळी माझ्या दुकानासमोर गाडी लावून माझं डोकं खायचा. सगळं कसं सुरळीत होतं. मग त्या दिवाळीला टायर फुटला.

झालं असं, की गेनभाऊ अनशीला दिवाळीसाठी आणायला तळेगावला गेला. येताना सोमाटण्याच्या पुढं मागचा टायर फुटला. जादा टायरचं म्हणाल तर तो आधीच फुटलेला होता, फक्त गेनभाऊला ते मान्य नव्हतं. पोरगी संध्याकाळपर्यंत कांद्याच्या पोत्यावर बसून राहिली. शेवटी तळेगावच्याच एका माणसानं तिला टांग्यात बसवून उलट सासरी पोहोचवलं. बाप कांदा घेऊन माघारी. तळेगावभर चर्चा.

आणि थंडी सरली तोवर अनशीला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण! ते माहेरीच व्हायचं, ही आपली रीत. गेनभाऊ पेढे घेऊन गेला आणि तोंड पाडून परत आला. विहीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "भाऊ, त्या फुटक्या टायरांच्या डबड्यात माझी सून बसणार नाही. टायर बदला, रंग द्या, गाडी माणसांत आणा. मग सातव्यात न्यायला या, बघू."

"बघू म्हणाली?" मी विचारलं.

"बघू म्हणाली. म्हंजी हो म्हणाली," गेनभाऊ म्हणाला. "आता अशी गाडी करतो दत्तू, का विहीणबाईच म्हणल, मला बी न्या."

बस्स, त्या दिवसापासून आमच्या आयुष्यात टायर आणि रंग याशिवाय तिसरी गोष्ट उरली नाही.

टायरसाठी आम्ही दापोडीला गेलो. तिथं लालचंदशेठचं जुन्या-नव्या टायरचं दुकान होतं. शेठ सिंधमधून आलेला, पिंपरीच्या कॅम्पात राहायचा. बोलायला गोड, धंद्याला पक्का. त्यानं एकाहून एक टायर काढून पुढं मांडले. गेनभाऊ खाली बसला. टायरच्या नक्षीवरनं बोटं फिरवली, भोवरा शोधला. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा कुठं आहे यावरनं तो लाभेल की नडेल ते ठरतं, हे मला माहीत होतं. पण टायरवर भोवरा? मग त्यानं टायरला चापट मारली, कान लावला, वास घेतला.

"साईं, खाके भी देखो," लालचंदशेठ म्हणाला.

"चाल दाखवा," गेनभाऊ म्हणाला.

शेठला कळेना. मी समजावून सांगितलं, तेव्हा शेठ आधी हसला आणि मग घाबरला, कारण गेनभाऊनं टायर उभा करून रस्त्यावर ढकललादेखील होता. दापोडीचा रस्ता पुलाकडं उतरता. टायर आधी चालत गेला, मग दुडक्या चालीनं आणि मग जो सुटला, तो सुटलाच! मागं गेनभाऊ, एका हातात धोतराचा सोगा. त्याच्या मागं शेठ, "माल गया, माल गया" करत. आणि सगळ्यांच्या मागं मी, दोघांनाही शिव्या देत. टायरनं बसची वाट बघणाऱ्या लोकांतनं बरोबर वाट काढली, एका कोंबडीला झाडावर चढवलं आणि लिंबाखाली बसलेल्या न्हाव्याच्या पुढ्यात जाऊन तो आडवा झाला. गिऱ्हाइकाची अर्धी मिशी झाली होती. उरलेली अर्धी त्या दणक्यात आपोआप झाली.

मी त्या गिऱ्हाइकाची हातापाया पडून समजूत काढत होतो आणि गेनभाऊ घाम पुसत सांगत होता, "अंगात पाणी हाय गड्याच्या. पर उजव्या अंगाला खेचतोय. दुसरा दाखवा."

असे सगळे टायर चालवून झाले. न्हाव्यानं दुकान उचलून लिंबाच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

मग भाव. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे चारचौघांत कुणाची किंमत उघडी पडत नाही. गेनभाऊनं खांद्यावरचं उपरणं काढलं, शेठच्या हातावर टाकलं आणि आत हात घालून त्याची दोन बोटं दाबली. लालचंदशेठला वाटलं, हा मनुष्य प्रेमात येऊन हात मिळवतोय. त्यानंही दोन्ही हात आत घालून गेनभाऊचा पंजाच्या पंजा आवळला. गेनभाऊचा चेहरा पडला.

"दत्तू," तो हळूच म्हणाला, "शेठ लईच सांगतोय राव."

"अरे, तो काही सांगत नाहीये! तो फक्त रामराम करतोय!"

"मुंह से बोलो ना साईं," शेठ कळवळून म्हणाला.

"तोंडानं?" गेनभाऊला धक्का बसला. "शेठ, चांगल्या घरची वस्तू हाय ती तुमची. तिचा भाव असा रस्त्यात वरडायचा व्हय?"

या वाक्यानं लालचंदशेठ विरघळला. त्याच्या टायरांबद्दल आजवर इतक्या इज्जतीनं कुणी बोललं नव्हतं. तो गेनभाऊजवळ बसून ती बोटांची भाषा शिकला आणि सौदा उपरण्याखालीच पुरा झाला. मला आजतागायत भाव कळलेला नाही. पुढं मी ऐकलं, की शेठ पिंपरीतल्या भाजीवालीशीही रुमालाखाली भाव करायला गेला आणि तिनं त्याला तागडीनं मारलं.

इथवर ठीक होतं. खरा गोंधळ पुढंच झाला, आणि तो गेनभाऊशिवाय दुसरा कुणी घालूच शकला नसता. गेनभाऊनं टायर घेतले दोन. मला वाटलं, दोन्ही पुढं लावेल किंवा दोन्ही मागं. कुठलाही शहाणा माणूस असंच करील. गेनभाऊनं एक नवा पुढं उजवीकडं लावला, एक नवा मागं उजवीकडं लावला आणि डावीकडं दोन्ही जुनेच ठेवले, झिजून टकले झालेले.

"हे काय केलंस?" मी ओरडलो.

"जोडी लावली," तो म्हणाला. "नवा बैल कवाबी जुन्याच्या जोडीला जुपायचा. दोन्ही नवे एका जुवाखाली घेतलं तर उधळत्यात. जुना वळण लावतो, नवा शिकतो. हंगामभरात बग कसं एका पावलानं चालत्यात."

"अरे गाढवा, टायर आहे तो! तो काय शिकणार जुन्याकडनं? फुटायला?"

"झालं? आता चाल दाखवतो," म्हणून गेनभाऊ गाडीत बसला.

गाडीची एक बाजू उंच, एक बसकी. त्यानं आकुर्डीच्या अंगानं गाडी नेली आणि वळवून झोकात आणली. मी दुकानाच्या दारात उभा. गाडी रस्त्यानं येताना दिसली, आणि मग रस्ता सोडून येताना दिसली. गेनभाऊ स्टेअरिंगवर लोंबकळत उजवीकडं ओढत होता, गाडी बसक्या बाजूला, म्हणजे थेट माझ्याकडं येत होती. मी आत उडी मारली. माझ्या भाड्याच्या सायकली ओळीनं उभ्या होत्या, त्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकीवर एक निजल्या. गाडी माझ्या दुकानाच्या पाटीला नाक लावून थांबली.

मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. आमची घरातली मागच्या खोलीतनं कानात बोटं घालून बाहेर आली, म्हणजे बघा. माझं सगळं बोलून झाल्यावर गेनभाऊ खाली उतरला. त्यानं डाव्या बाजूचे जुने टायर बघितले, उजव्या बाजूचे नवे बघितले.

"जुनंच खोडीचं निघालं," तो म्हणाला. "वाईट वळण लावत हुतं पोरांना."

तो सायकली उचलू लागला. मग एकदम हातातली सायकल तशीच धरून म्हणाला, "दत्तू, पोरगी आत असती तर?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी स्वतः त्याच्याबरोबर पुन्हा दापोडीला गेलो आणि आणखी दोन टायर आणले. या वेळी त्यानं चाल बघितली नाही. शेठलाच विचारलं, "ह्यातलं तुमच्या लेकीच्या गाडीला कंचं लावाल?" आणि शेठनं मुकाट्यानं आतल्या खोलीतनं वेगळे दोन काढून दिले.

राहिला रंग.

रंगाला दापोडीचेच चाँदभाई पेंटर. ट्रकवर मोर काढावा तर त्यांनीच. चार पिढ्या इथल्याच, मराठी माझ्याहून चांगलं बोलायचे, आणि चिडले की हिंदीत शिरायचे. मी गेनभाऊला म्हणालो, "निळा दे." तो म्हणाला, "निळा अंगावर येतो." चाँदभाई म्हणाले, "तांबडा द्या, लांबून दिसतो." गेनभाऊ म्हणाला, "लांबनं कशाला? जवळनं दिसू दे की." पिवळ्यावर माशा बसतात, हिरवा मिलिटरीचा, काळ्याचं तर नावच नको. चाँदभाईंनी डबे उघडून उघडून हात टेकले.

"मग हवाय तरी कुठला?"

"कोसा," गेनभाऊ म्हणाला.

कोसा म्हणजे खिलार बैलाचा एक रंग. अंग पांढरं, पण मानेवर आणि मागच्या अंगाला काळसर करडी झाक. आता हा रंग डब्यात कुठनं मिळणार? चाँदभाईंनी पांढऱ्यात काळा घातला. गेनभाऊ म्हणाला, "ही म्हैस झाली." पांढरा वाढवला. "ही शेळी." मग किंचित तपकिरी. "आजारी बैल." चाँदभाई हिंदीत शिरले. "गेनभाऊ, ये मोटर है, इसको शेपूट भी लगा दूं क्या?"

"शेपूट नगं," गेनभाऊ गंभीरपणे म्हणाला. "निस्ता मानंवर काळा जरा वाढवा."

शेवटी तो चाँदभाईंना चाकणच्या बाजारात घेऊन गेला आणि एका कोशा बैलापुढं उभं केलं. चाँदभाईंनी तिथं बसून, बैलाकडं बघत, कागदावर रंग कालवले. तो बैल कुणीतरी विकत घेतला, तर चाँदभाई त्याच्या मागं मागं राजगुरुनगरच्या रस्त्याला लागले म्हणे, रंग अजून जमला नव्हता म्हणून. पण रंग झाला! अगदी तोच. गाडी उन्हात उभी केली तेव्हा बॉनेटवर ती करडी झाक अशी उतरली होती, की मीही नकळत तिच्यावर थाप मारली. आणि दिव्यांच्या वर, जिथं बैलाची शिंगं असती तिथं, चाँदभाईंनी आपण होऊन हिंगुळाचे दोन लाल पट्टे ओढले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

"एवढा अट्टाहास कशाला रे?" मी विचारलं. "चारचौघांसारखा निळा दिला असतास तर विहीण काय नको म्हणाली असती?"

गेनभाऊ चिंधीनं दार पुसत होता. दोरी जाऊन आता खरी कडी आली होती. "अनशी सासरी ग्येली ती कोशाच्या जोडीमागं बसून," तो म्हणाला. "माझीच जोडी हुती. घाटातल्या पाव्हण्याला इकली नंतर. त्याच रंगामागं बसून माघारी येऊ दे."

मग सातवा महिना लागला आणि आम्ही तळेगावला निघालो. मी कशाला? तर गेनभाऊ म्हणाला, "कुणीतरी बोलणारं पायजे. माझ्या तोंडनं बैलाचंच निघतं." डोक्याला कडक फेटा, अंगात नवा सदरा. पुढच्या सीटवर त्यानं गादी शिवून घेतली होती, वर नवी गोधडी, पाठीला लोड. मागं हौद्यात मी, गवताच्या पेंढ्यांवर.

तळेगावात गाडी शिरली आणि पोरं मागं धावली. भुसाराच्या दुकानापुढं गेनभाऊनं गाडी अशी अलगद उभी केली, की माझ्या टोपीलाही कळलं नाही. विहीणबाई बाहेर आल्या. ठसठशीत कुंकू, नऊवारी, आवाजात जरब. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. पायाच्या अंगठ्यानं चारही टायर दाबून बघितले. दार उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं. गादीवर हात फिरवला. गेनभाऊ छाती काढून उभा. मी मनात म्हणालो, काढ आता खोट, बाई. काढून दाखव!

खोट निघेना. आणि निघेना तशी ती बाई गप्प होत गेली. मला वाटलं होतं, हरली म्हणून चिडेल. पण तिचा चेहरा वेगळाच झाला.

"आत या भाऊ," ती म्हणाली. "चहा घ्या आधी."

आत बसलो. अनशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, अंगानं भरलेली, डोळे बापावर. तिचं बोचकं बांधून तयार होतं, कोपऱ्यात मला दिसलं. विहीणबाईंनी चहाच्या कपबशा ठेवल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाडी चांगली केलीत. बोट ठेवायला जागा नाही. पण भाऊ, खरं सांगू का? तुमच्या घरात बाईमाणूस कोण आहे?"

गेनभाऊनं बशी खाली ठेवली.

मी लगेच उसळलो. "म्हणजे काय? आमची घरातली आहे की! भिंतीला भिंत लागून घर आमचं!"

"शेजारीण दिवसा येईल," बाई म्हणाली. "रात्री कळा सुरू झाल्या तर? पहिलटकरीण आहे. बाप उठून काय करील? आणि नंतरचं न्हाऊमाखू, शेकशेगडी, पोराचं करणं... माझ्या पोटच्या पोरीला मी असं पाठवलं नसतं, हिला कशी पाठवू?"

गेनभाऊ म्हणाला, "खरं हाय." आणि चहा पिऊन टाकला. सगळा, एका दमात, चटका बसला असेल.

आम्ही बाहेर आलो. मागनं अनशी आली. तिनं गाडी आता पहिल्यांदाच बघितली. बॉनेटवरच्या त्या करड्या झाकेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आबा, आपला कोसा हाय की ओ ह्यो!" आणि तिथंच रडायला लागली. गेनभाऊ चाकापाशी वाकून बसला. हवा बघतोय म्हणाला. बराच वेळ बघत होता.

विहीणबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "बाळंतपण झालं की सव्वा महिन्यानं या," त्या म्हणाल्या. "बाळंतीण आणि बाळ, दोघांना मी स्वतः गाडीत बसवून देईन. हवं तितके दिवस ठेवून घ्या."

"येतो," गेनभाऊ म्हणाला. त्यानं पुढच्या सीटवरची गोधडी नीट केली, दार लावून घेतलं आणि मला मागं बसायला सांगितलं नाही, पण पुढं बसायलाही सांगितलं नाही. मी आपला हौद्यात चढलो आणि केबिनच्या मागच्या काचेला तोंड लावून, उघड्या फटीतनं, गाव सुटल्या सुटल्या सुरुवात केली.

"काय बाई आहे की कोण! आधी सांगायला काय झालं होतं? टायर म्हणे, रंग म्हणे! माणसाला दापोडी-चाकण नाचवलं, माझ्या सायकली मोडवल्या, त्या बिचाऱ्या चाँदभाईला बैलामागं पळवलं, आणि आता..."

"तिला बोलू नगंस दत्तू."

"का नको? बोलणार!"

"मला पयल्याच दिशी उमगलं हुतं," गेनभाऊ म्हणाला. "बाई चांगली हाय. तुमच्या घरात बायको न्हाई, असं कसं तोंडावर म्हणल? म्हणून टायरावर ढकललं तिनं." त्यानं गिअर बदलला. "मी म्हणलं, टायर बदलता येत्यात. रंग देता येतो. जे करता येतंय ते तरी करू. तिची आय मी कंच्या दुकानातनं आणू?"

मी गवतावर मागं सरकून बसलो.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की गाडी मुंगीच्या पावलानं चाललीय. एरवी हा गडी कांदा भरून निघाला की मागं धुरळ्याशिवाय काही दिसायचं नाही. आज गाडी रिकामी, रस्ता मोकळा, आणि हा एकेका खड्ड्याला वळसा घालतोय. मागनं एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. एका ठिकाणी तर तो थांबला, खाली उतरला, रस्त्यात आलेला दगड उचलून कडेला टाकला आणि पुन्हा येऊन बसला. पुढं पुन्हा थांबला. पुन्हा दगड.

"गेनभाऊ," मी म्हणालो, "गाडीत कुणी नाही रे. कुणाला दणका बसणार आहे?"

"सव्वा म्हैन्याचं लेकरू मान धरत न्हाई," तो म्हणाला. "कुठं डावीकडनं घ्यायचं, कुठं उजवीकडनं, आत्ताच पाठ झालं पायजे. हितं बग, ह्या मोरीपाशी लई वाईट हाय."

मोरीपाशी त्यानं गाडी उभी केली. तो उतरून त्याच्या बाजूचे दगड वेचायला लागला. मी हौद्यातनं खाली उडी मारली आणि माझ्या बाजूचे वेचायला लागलो.